सुरक्षेचा सल्ला आणि दोषाची वाटणी: एका प्रशिक्षण सेवेचे परीक्षण

व्यक्तिगत सुरक्षेचे प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेचा संपूर्ण वर्ग मी नुकताच केला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण तिच्या कामात ज्या उणिवा दिसल्या त्या याच धर्तीच्या इतर वर्गांतही कमीअधिक प्रमाणात आढळतात आणि एकट्या संस्थेला वेठीस धरून काही साधणार नाही. शुल्क भरल्यावर घरबसल्या पाहण्याचे धडे मिळतात, प्रत्यक्ष कार्यशाळेत बसता येते, एक जाडजूड मार्गदर्शिका हाती पडते आणि मदतवाहिनीची सोय असते, म्हणजे आपल्या बाबतीत गुन्हा घडलाच तर फोन करून सल्ला विचारता येतो. जाहिरातीत सगळा भर पहिल्या तीन गोष्टींवर आहे. माझ्या मते या सेवेची खरी परीक्षा चौथ्या गोष्टीत होते. घटनेपूर्वीचा सल्ला कितीही गोड भाषेत दिलेला असला तरी घटनेनंतर तो कोणत्या सुरात परत येतो, यावरून संस्थेने गुन्ह्याची जबाबदारी मनोमन कोणावर टाकली आहे ते कळते.

घर आणि वाहन यांवरील धडे हा या वर्गाचा सर्वांत भक्कम भाग आहे. दाराची चौकट कच्ची असेल तर उत्तम कुलूपही निरुपयोगी ठरते, मागच्या बाजूच्या खिडकीकडे सहसा दुर्लक्ष होते, गाडीत दिसेल अशा जागी ठेवलेली पिशवी काच फोडण्याचे आमंत्रण ठरू शकते, अशा गोष्टी प्रशिक्षकांनी कोणालाही खजील न करता सांगितल्या. त्यामागचा विचारही त्यांनी थोडक्यात मांडला. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांच्या १९७९ मधील मांडणीनुसार गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एका वेळी एका ठिकाणी जुळून याव्या लागतात: गुन्हा करण्यास प्रवृत्त झालेली व्यक्ती, तिला सोयीचे लक्ष्य आणि तिला रोखू शकेल अशा राखणदाराची अनुपस्थिती. यांपैकी एक जरी गोष्ट दूर केली तरी गुन्हा टळू शकतो. ही मांडणी गुन्हा कसा घडतो एवढेच सांगते, दोष कोणाचा याबद्दल ती काहीही म्हणत नाही, हे प्रशिक्षकांनी कोणी न विचारता स्पष्ट केले. त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

मात्र तीन घटक सांगून झाल्यावर पुढचा सारा वर्ग त्यांतील एकाच घटकावर, म्हणजे लक्ष्यावर, खिळून राहतो. हे समजण्यासारखे आहे. जो शुल्क भरून समोर बसला आहे त्यालाच काहीतरी करायला सांगितले जाणार. पण त्यामुळे प्रतिबंध म्हणजे ज्याच्यावर गुन्हा होऊ शकतो त्याने पाळायची पथ्ये, असा समज पक्का होतो आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेटविना मोटारसायकल चालवणाऱ्यांना जागच्या जागी दंड होऊ लागला, तेव्हा मोटारसायकलींच्या चोऱ्या वर्षाला सुमारे १,५०,००० वरून १९८६ पर्यंत सुमारे ५०,००० वर आल्या. आयत्या वेळी मोह होऊन उभी गाडी पळवणाऱ्याजवळ हेल्मेट नसे आणि उघड्या डोक्याने तो निघाला की लगेच नजरेत भरे. चोरी कमी व्हावी असा त्या नियमाचा हेतूही नव्हता. गाडीच्या मालकांनी वेगळे काही केले नाही आणि त्यांना कोणी काही विचारलेही नाही. असे एखादे उदाहरण वर्गात असते, तर श्रोत्यांना आपल्या खबरदारीचे माप तरी कळले असते.

दुसरे उदाहरण तर या संस्थेने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथील कर्कहोल्ट वसाहतीत घरफोड्यांचे प्रमाण फार मोठे होते. तेथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात अभ्यासकांच्या लक्षात आले की ज्या घरात एकदा चोरी झाली तेथे ती पुन्हा होण्याचा धोका इतरांहून बराच अधिक असतो. म्हणून सगळ्या वसाहतीला सरसकट उपदेश करण्याऐवजी मदत प्रथम त्या घरांकडे वळवण्यात आली: कड्या-कुलपे पक्की केली गेली, शेजारच्या मोजक्या घरांनी लक्ष ठेवण्याचे मान्य केले, आणि ज्या वीज-गॅसच्या मीटरांत नाणी टाकावी लागत व त्यामुळे घरात रोकड साठत असे, ते मीटरच काढण्यात आले. घरफोड्या झपाट्याने कमी झाल्या. ज्यांच्यावर गुन्हा झाला होता त्यांनाच येथेही केंद्रस्थानी ठेवले होते, परंतु त्यांची उलटतपासणी घेण्यासाठी कोणी गेले नव्हते. जाणारा माणूस हत्यारांची पेटी घेऊन गेला होता. प्रतिबंध म्हटला की दोषारोप अपरिहार्यच असे मानणाऱ्यांनी या वसाहतीचा विचार करावा.

रस्त्यावरील सुरक्षेच्या सत्रात वर्गाचा सूर बदलला. सुरुवातीला एका गृहस्थांनी विचारले की गर्दीत फोन हातात धरला असताना तो हिसकावून नेला गेला, यात आपले काय चुकले. प्रशिक्षक म्हणाले, "चूक चोराची. फोन हातात धरणे हा काही गुन्हा नव्हे. आता फोन दुरून बंद कसा करायचा, ते आपण पाहू." उत्तर नेमके होते. थोड्या वेळाने एका तरुणीने सांगितले की कामावरून परतताना एक माणूस बराच वेळ आपल्या मागे येत राहिला. त्याच प्रशिक्षकांचा पहिला प्रश्न होता, "पण तुम्ही इतक्या उशिरा एकट्या का निघालात?" तिने कामाची वेळ सांगितली, त्यावर रस्ता कोणता घेतला, कानात गाणी चालू होती का, कपडे कोणते होते, असे प्रश्न आले. मागे येणाऱ्या माणसाबद्दल कोणी काहीच विचारले नाही. तो कसा दिसत होता, कुठून मागे लागला, कुठे थांबला, पुन्हा दिसला का. वास्तविक तिच्या पुढच्या संध्याकाळसाठी हीच माहिती उपयोगाची होती. प्रशिक्षकांच्या मनात वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. फोनच्या बाबतीत जो विवेक त्यांना सहज सुचला तो व्यक्तीच्या बाबतीत सुचला नाही, इतकेच म्हणता येईल. आणि या सेवेतला सर्वांत गंभीर दोष हाच आहे.

मार्गदर्शिकेतील पेहरावाविषयीचा परिच्छेद तर आजच्या काळात छापला जावा याचे आश्चर्य वाटते. २०११ च्या जानेवारीत टोरांटोमधील एका विद्यापीठात सुरक्षेच्या विषयावर बोलताना एका पोलीस अधिकाऱ्याने, स्त्रियांनी अत्याचार टाळायचा असेल तर पेहराव जपावा, अशा आशयाचे उद्गार अपमानकारक शब्दांत काढले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या शहरात निषेधाचा मोर्चा निघाला आणि पाहता पाहता तसे मोर्चे अनेक देशांत निघाले. ते उद्गार सुरक्षेच्या सल्ल्याच्या ओघातच आले होते, हे विसरता कामा नये. सल्ला आहे म्हणून तो निरुपद्रवी, या समजुतीला तेव्हाच तडा गेला होता.

शिवाय हा सल्ला धोक्याचा पत्ताच चुकवतो. मार्गदर्शिकेतील बहुतेक पाने अनोळखी माणूस, निर्जन रस्ता आणि रात्र यांवर खर्ची पडली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अंदाज दिला होता की २०१७ मध्ये जगभरात सुमारे ८७,००० स्त्रियांची हेतुपुरस्सर हत्या झाली आणि त्यांपैकी सुमारे ५८ टक्के हत्या जोडीदाराच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या हातून झाल्या. म्हणजे रात्री घराबाहेर पडू नका असे सांगणारी मार्गदर्शिका अनेक स्त्रियांना त्यांच्यापुरत्या सर्वाधिक धोक्याच्या जागी बसवून ठेवते. घरातील हिंसेवर या मार्गदर्शिकेत जेमतेम अर्धे पान आहे आणि तेही मदत केंद्राशी संपर्क साधावा, एवढ्यावर आटोपते.

खबरदारीची किंमत कोण मोजतो, हा हिशेबही तिच्यात कुठे नाही. कुलूप बसवणे हे एकदाचे काम असते. उशिराची पाळी नाकारणे, लांबचा रस्ता धरणे, संध्याकाळचे शिक्षण सोडणे, प्रत्येक वेळी सोबत शोधणे, ही किंमत रोज मोजावी लागते आणि ती साचत जाऊन माणसाचे उत्पन्न, ओळखीपाळखी आणि हिंडण्याफिरण्याचा हक्क कुरतडते. एखादी व्यक्ती विचार करून ही किंमत देण्यास तयार असेल तर तो तिचा निर्णय आहे. पण ज्याने ती दिली नाही त्याला निष्काळजी ठरवण्यापूर्वी किंमत मोठी होती हे तरी कबूल करायला हवे. काम न सोडणारी व्यक्ती बेफिकीर असते, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तरीही त्या तरुणीला विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ दुसरा काय होता?

तिला प्रश्न विचारले जात असताना वर्गातील अनेक माना डोलत होत्या, स्त्रियांच्याही. यामागे दुष्टावा नसतो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींसमोर एका स्त्रीला विजेचे झटके बसत असल्याचा देखावा उभा केला होता. तिची सुटका करणे आपल्या हाती नाही आणि तिचा त्रास चालूच राहणार आहे, असे ज्यांना वाटले त्यांनी तिच्याविषयी अधिक वाईट मत नोंदवले. जग न्यायाने चालते या विश्वासाला धक्का बसू नये म्हणून मन सोसणाऱ्यातच खोट काढते, असा लर्नर यांचा निष्कर्ष होता. तिने अमुक चूक केली, मी ती करणार नाही, म्हणून मी सुरक्षित आहे, हा दिलासा श्रोत्यांना फार हवाहवासा असतो आणि सुरक्षेचे वर्ग, कळत नकळत, हाच दिलासा विकत असतात. मला या वर्गाचे अर्पणपत्र लिहायला सांगितले असते तर ते माना डोलावणाऱ्यांच्या नावे लिहिले असते.

मग स्त्रियांना काहीच शिकवू नये का? या टोकाशीही मी सहमत नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांमध्ये चार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचाराच्या प्रतिकाराचा एक अभ्यासक्रम तपासून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ८९३ विद्यार्थिनींपैकी काहींना तीन तासांची चार सत्रे दिली गेली, तर तुलनेसाठीच्या गटाला विद्यापीठांत सामान्यतः मिळतात तशी माहितीपत्रके. वर्षभरात बलात्कार झाल्याचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के, तर सत्रे केलेल्या गटात ५.२ टक्के आढळले. त्या अभ्यासक्रमात भर होता तो ओळखीच्या पुरुषाकडून होणाऱ्या बळजबरीची चिन्हे लवकर ओळखण्यावर, ओळखीच्या माणसाला ठाम विरोध करताना आड येणारा संकोच मोडण्यावर आणि शारीरिक प्रतिकारावर. त्यात जगणे आखडते घ्यायला सांगितलेले नव्हते, आणि नंतरच्या पाठपुराव्यात सत्रे केलेल्या विद्यार्थिनींमध्ये पीडितेला दोष देण्याची वृत्तीही कमी झालेली दिसली. म्हणजे चांगले प्रशिक्षण धोका आणि दोषारोप दोन्ही एकाच वेळी कमी करू शकते. मी केलेल्या वर्गात प्रतिकाराचा सराव आहे आणि तो शिकवणाऱ्या प्रशिक्षिका निष्णात आहेत. दुर्दैवाने त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ आला. सराव करवून घेताना त्या एका वाक्याने थांबल्या होत्या: "हे जमले नाही, अंग गोठून गेले, तरी तुमचे काही चुकले असे समजू नका. शरीर कधी कधी असेच वागते." संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते आणि ते मार्गदर्शिकेत मात्र कुठेही नाही.

ऑनलाइन फसवणुकीचा धडा माहितीने भरलेला आहे, पण काही ठिकाणी जुना झाला आहे. संकेतशब्द ठरावीक काळाने बदलत राहा असे तो अजून सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्येच अशी सक्ती करू नये असे सुचवले होते, कारण सक्तीने बदलणारे लोक सोपे आणि ओळखता येण्याजोगे संकेतशब्द घेऊ लागतात. याहून महत्त्वाची उणीव अशी की फसवणूक झालेल्याचे नुकसान कोणी सोसावे हा प्रश्न धड्यात येतच नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून करवून घेतलेल्या बँक हस्तांतरणाची रक्कम ८५,००० पौंडांपर्यंत ग्राहकाला परत देण्याचे बंधन पैसे पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थांवर मिळून घालण्यात आले. ग्राहकाने घोर निष्काळजीपणा केला असेल तर अपवाद आहे, पण साध्या चुकीला अपवाद नाही, आणि असुरक्षित स्थितीतील ग्राहकाला तो निकषही लावायचा नाही. नुकसानाची झळ बँकेलाही बसली की संशयास्पद खाती शोधण्याची तिला निकड भासते. फसलेल्या माणसाला भोळा म्हणणे सर्वांना फुकट पडत होते, तेव्हा ही निकड नव्हती.

आता मदतवाहिनीकडे वळतो. वर्ग संपल्यानंतर माझ्या परिचयातील, हाच वर्ग केलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांच्या खात्यातून फसवणुकीने रक्कम गेली आणि त्यांच्या विनंतीवरून त्या फोनच्या वेळी मी शेजारी बसलो होतो. मदतनीस आधी नोंदणीचा अर्ज भरून घेते. त्यातील प्रश्न सरळ मार्गदर्शिकेतील सूचनांवरून उचलले आहेत, फक्त क्रियापदे भूतकाळात नेली आहेत. "कोड कोणालाही सांगू नये" याचे "कोड तुम्हीच सांगितलात का?" असे झाले आहे, "घाईत निर्णय घेऊ नये" याचे "खात्री का करून घेतली नाहीत?" असे. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला गृहस्थांचा आवाज खाली गेला आणि ते उत्तरे झाकून देऊ लागले. मदतनीस म्हणाल्या, "काका, हे सगळं आपल्या धड्यात सांगितलं होतं ना?" आवाजात प्रेमळपणा होता, परिणाम मात्र व्हायचा तोच झाला. बँकेला कळवले का, हा प्रश्न अर्जाच्या शेवटी होता. अशा फसवणुकीत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि व्यवहार थोपवण्याची संधी सुरुवातीच्या वेळातच असते. तो वेळ अर्जाने गृहस्थांना शरमिंदे करण्यात घालवला. मी मध्ये बोलून आधी बँकेला फोन लावायला लावला, तेव्हा मदतनीस बाईंनी अर्ज अपूर्ण राहील अशी काळजी व्यक्त केली.

संस्थेचे समर्थन मार्गदर्शिकेच्या प्रस्तावनेत आहे: आपल्या वागण्यात काय चुकले ते कळले की पुढे काय बदलायचे ते कळते आणि त्यातून धीर येतो. या म्हणण्याला पूर्वपीठिका आहे. रॉनी जानॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये स्वतःच्या स्वभावाला दोष देणे आणि स्वतःच्या कृतीला दोष देणे यांत भेद करून, कृती बदलता येत असल्याने दुसरा प्रकार उपकारक ठरू शकेल असे सुचवले होते. पुढच्या संशोधनात मात्र याला भरवसा ठेवावा असा पाठिंबा मिळाला नाही. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया फ्रेझर यांना दोन्ही प्रकारचे आत्मदोष अधिक मनस्तापाशी जोडलेले आढळले. आता सावरण्यासाठी काय आपल्या हाती आहे, याची जाणीव मात्र कमी मनस्तापाशी जोडलेली होती. झाले ते कसे टाळता आले असते, या विचाराने तसा आधार दिला नाही. संस्थेच्या अर्जातील प्रश्न नेमके चुकीच्या काळाकडे तोंड करून उभे आहेत. कोड सांगितला होता का, हे बँकेला आणि तपास करणाऱ्याला कळणे आवश्यक असू शकते. पण मग तो प्रश्न का विचारला जात आहे ते सांगून, घाई टळल्यावर आणि "का नाही" हे शब्द वगळून विचारता येतो. आज दारू प्यायली होती का असे डॉक्टर विचारतात तेव्हा औषध ठरवायचे असते, आणि रुग्णाला ते कळत असते.

कोणताही प्रतिबंधक सल्ला म्हणजे दोषारोपच, असे म्हणणाऱ्यांनी या परीक्षणाचा आधार घेऊ नये. धोका सर्वांना सारखा नसतो, तो कमी करण्याचे काही उपाय सिद्ध झालेले आहेत आणि ते लोकांपासून लपवून ठेवणे हा आदर नव्हे. घराच्या धड्यातील एकूण एक सूचना मी अमलात आणणार आहे. प्रश्न सूचना देताना काय गाळले जाते याचा आहे: ती किती उपयोगी ठरते, ती पाळण्याची किंमत किती, आणि ती पाळूनही गुन्हा घडू शकतो. ही तीन विधाने प्रत्येक सूचनेशेजारी छापली, तर मार्गदर्शिकेतील निम्म्याहून अधिक सूचना, पेहरावाची तर पहिल्याप्रथम, आपोआप गळून पडतील.

हे सर्व मी संस्थेला सविस्तर लिहून कळवले. उत्तर लवकर आले आणि ते सभ्य होते. बँकेविषयीचा प्रश्न अर्जात सर्वांत वर नेण्याचे त्यांनी मान्य केले. बाकीचे प्रश्न "प्रतिबंधासाठी माहिती मिळावी" म्हणून तसेच राहतील. पेहरावाच्या परिच्छेदाबद्दल उत्तरात अवाक्षर नाही. तेव्हा घर, वाहन आणि प्रतिकाराचा सराव एवढ्यासाठी हा वर्ग अवश्य करावा, रस्त्यावरील सुरक्षेचे सत्र टाळले तरी काही बिघडणार नाही, आणि मदतवाहिनीचा क्रमांक फोनमध्ये साठवण्यापूर्वी बँकेचा तातडीचा क्रमांक आणि ज्याच्याशी न ओशाळता बोलता येईल अशा एका माणसाचा क्रमांक साठवावा.